सासूचं कापरं

कासोझी गाव
१४ जून १९८७

चि. रेमिजियो यास युनिया आत्याचे अनेक आशीर्वाद.

बाळा, कसा आहेस? झोप लागते ना? मागच्या पत्रात खोकला लिहिला होतास, तो गेला का? तेओपिस्ताची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, पाण्याचा घडा डोक्यावर घे, कमरेवर घेऊ नको, कंबर काही दुसरी मिळायची नाही. जुळे कसे आहेत? वास्वा जेवायला लागला, की अजून काटोच दोघांचं संपवतो? तुझ्या वडिलांचे गुडघे काय म्हणतात? तुझ्याकडे राहायला गेल्यापासून माझ्या भावाने एक ओळ लिहिलेली नाही. त्याला सांग, बहीण अजून मेली नाही. आणि तुझी ती लंगडी शेळी व्याली का?

इथे आम्ही सगळे ठीक. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. कासियानो ठीक नाही.

आपल्या मोनिकाचा नवरा रे. माझ्या थोरल्या भावाची लेक, जिच्याबरोबर तू एका पानावर उकडलेल्या केळ्यांचे मटोके खाल्लेस, तिचा. तिच्या लग्नात तू शिकायला बाहेर होतास, म्हणून तुमची धड ओळख नाही. माणूस गरीब गाय. सासरच्या माणसांपुढे मान वर करत नाही.

पाऊस सरता सरता त्याला ताप भरला. येतो आणि जातो. डोकं धरून बसतो. दिवसा डुलक्या घेतो. परवा शेंगदाण्याच्या कालवणात बुडवलेला घास हातातच राहिला आणि हा बसल्या जागी झोपला. रात्री मात्र टक्क जागा. उजवा हात थरथरतो, कप धरवत नाही.

गाव काय बोलतंय ते तुला सांगायला नको. माणूस वाळला की हल्ली एकच नाव घेतात, स्लिम, म्हणजे एड्स. किती घरांची दारं त्या रोगाने बंद केली. मोनिकाकडे मीठ मागायला येणाऱ्या बायका आता लांबच्या घरी जातात.

म्हणून कॉफीच्या ट्रकात बसवून दोघांना तुझ्याकडे पाठवते आहे. तान्हं पोर माझ्याकडे राहील. बरोबर केळ्यांचा घड आहे, तो तुमच्यासाठी. त्याला बरं कर. मोनिकाला बाप नाही, भाऊ नाही, आणि आता आईही नाही. नवरा गेला तर तिच्यापाशी उरेल काय?

लवकर लिही.

तुझी आत्या
युनिया

*

मिशन दवाखाना, न्यान्झी
२३ जून १९८७

आत्यास रेमिजियोचा नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. बाबांचे गुडघे आहेत तसेच. वास्वा जेवतो. शेळी व्याली. मला थोडा खोकला आहे, त्याचं काही नाही. केळी पोचली, काटोने त्यातली बरीच पोटात पोचवली.

कासियानोला दाखल करून घेतलं. रक्त तपासलं, मलेरिया निघाला, औषध दिलं. मलेरिया गेला आणि ताप राहिला.

आम्हाला शिकवणारे एक म्हातारे गुरुजी होते. ते म्हणायचे, नाडी हातात घेण्याआधी हकीकत हातात घ्या. माणूस कुठे कुठे राहिला, काय खाल्लं, काय प्यायला, कोणत्या पाण्यात उतरला, अंगाला काय चावलं, कोणत्या आजाऱ्यापाशी बसला. निम्मा रोग तिथेच सापडतो. म्हणून त्याच्या खाटेपाशी बसलो. मोनिका खाली चटईवर होती.

"दाजी, गेल्या काही महिन्यांत गावाबाहेर गेला होतात का?"

"कुठे जाणार? सगळं ठीक आहे."

"कुणी आजारी माणूस जवळ होतं?"

"सगळे ठीक आहेत."

"मग इथे कशाला आलात?"

"आत्याने ट्रकात बसवलं."

आणि झोपला. मोनिकाला विचारलं तर ती पाणी आणायला उठून गेली. मोठ्या डॉक्टरांना स्लिमचाच संशय आहे. मला खात्री नाही. आत्या, तुझ्या डोळ्यांतून कासोझीत मुंगी सुटत नाही. तू सांग. तो कुठे गेला होता का? किती काळ? तिथे काय केलं? तुला क्षुल्लक वाटेल तेही लिही.

तुझा
रेमिजियो

*

कासोझी
२९ जून १९८७

चि. रेमिजियो यास आशीर्वाद.

तुझ्याकडचे सगळे ठीक हे वाचून बरं वाटलं. खोकल्यावर आल्याचा रस घे, स्वतः औषधवाला असलास तरी घे.

तू विचारलंस म्हणून सगळं लिहिते. कासियानो फणसाच्या झाडावरून पडला होता, खांदा दुखला, बरा झाला. पाणी तो आमच्याच झऱ्याचं पितो, ज्याचं पिऊन मी म्हातारी झाले. एका बाप्तिस्म्याच्या जेवणात बोकडाचं मटण खाल्लं, ते गावानेच खाल्लं. लहानपणी त्याला कुत्रा चावला होता असं त्याची बहीण सांगते.

बाहेर तो कुठेही गेलेला नाही. चर्च, कॉफीचं वाळवण आणि रविवारी केळ्याची दारू, ही त्याची दुनिया. हे तू मोनिकासमोर परत विचारू नकोस. बायकोसमोर नवऱ्याला असले प्रश्न करणं बरं दिसत नाही, मग शाळेत काहीही शिकवोत.

आता मला काय वाटतं ते ऐक. तू हसशील, हस. हात थरथरतो, मान थरथरते, माणूस सुकतो. आपल्या जुन्या माणसांनी याला नाव दिलेलं आहे, सासूचं कापरं. जावयाने सासूची शीव मोडली की हे लागतं. आत्या म्हणून मी किती नवऱ्या मुलींना आणि त्यांच्या नवऱ्यांना हे शिकवलं! सासू वाटेत दिसली तर जावयाने केळीच्या बागेत शिरावं, तिचं तोंड पाहू नये, तिच्या भांड्यात खाऊ नये, तिच्या अंगाला बोट लागू देऊ नये. कासियानोला मीच शिकवलं. तो इतका घाबरला होता की लग्नाच्या दिवशी त्याने माझंही तोंड पाहिलं नाही.

मोनिकाची आई पेरेपेत्वा नवरा गेल्यावर नाईलपलीकडे बुसोगात, तळ्याकाठी आपल्या माहेरी जाऊन राहिली होती. इस्टरच्या सुमाराला ती वारली. सासूच्या मातीला जावयाने झाडाच्या सालीचं कापड न्यायचं असतं. बातमी उशिरा आली, नेलं गेलं नाही. तिचा राग असेल. मी चांगलं जाड कापड बाजूला काढून ठेवलं आहे. तिच्या थडग्यापाशी पुरायला कुणाबरोबर तरी पाठवते. तू त्याला सोडलंस तर इथला विधीही करून घेऊ. नाहीतर दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असं व्हायचं.

उत्तर लिही. मोनिका जेवते का?

युनिया आत्या

*

मिशन दवाखाना
११ जुलै १९८७

आत्यास नमस्कार.

घरचे ठीक आहेत. मीही ठीक, खोकला सोडून.

कासियानो खालावला आहे. आता हाक मारून मारून जागा करावा लागतो. भाकरीचा तुकडा तोंडात ठेवून झोपतो, मोनिका बोट घालून तो काढते. कधी कधी उठून आवारात भटकतो आणि कुठे आलो ते त्याला कळत नाही. त्याची खाट दाराजवळ हलवली आहे. दाराजवळ कुणाची खाट नेतात हे बाकीच्या रोग्यांना कळतं, मोनिकालाही कळलं. मोठे डॉक्टर म्हणाले, घरी न्या, खाट अडते आहे. मी म्हटलं, आठवडाभर द्या. स्लिमने वाळलेली माणसं मी रोज पाहतो. ती अशी घास तोंडात धरून झोपत नाहीत.

काल नळावर त्याचे कपडे धुताना मोनिका तोंडातल्या तोंडात बोलली, "उपासाच्या महिन्यात कुठे होतास ते सांग की आता माझ्या भावाला." मी जवळ गेलो तशी तिने ओठ मिटले.

आत्या, इस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यात तो कुठे होता?

तू मागच्या पत्रात लिहिलंस, कुठेही गेला नाही. मी ते खरं धरून चाललो आणि कासोझीत जे रोग असतात तेच शोधत बसलो. मी आज तुझा भाचा म्हणून विचारत नाही. परक्या माणसाच्या खाटेपाशी बसलेला माणूस जसं विचारेल तसं विचारतो आहे. अब्रू जिवंत माणसाला लागते.

रेमिजियो

*

कासोझी
१५ जुलै १९८७

चि. रेमिजियो यास,

तुझं पत्र वाचलं. शेवटची ओळ मला झोंबली. झोंबायला हवीच होती.

तो गेला होता. उपासाचा महिना लागला तसा निघाला, तो इस्टर उलटून गेल्यावर परत आला. जाताना सांगितलं, कंपालाजवळ लाकडाच्या वखारीत काम मिळतंय. मोनिका तेव्हा ओली बाळंतीण. परत आला तो रिकाम्या हाताने, गालफडं बसलेली, आणि कामाचं विचारलं की गप्प. मग आपल्या गावचा एक ड्रायव्हर बोलला की त्याने कासियानोला जिंजाच्या गाडीतळावर पाहिलं, काखेत बाईमाणसाचं नवं पातळ आणि साखरेची पुडी. जिंजा म्हणजे नाईलचा पूल. कंपालाची वखार कुठे आणि जिंजा कुठे!

सरळ अर्थ आहे. बायको बाळंतपणात असताना नवरा पातळ आणि साखर कुणासाठी नेतो? मोनिका माझ्या मांडीत डोकं घालून रडली. मी म्हटलं, झाकली मूठ ठेव, परत आला ना. मग ताप सुरू झाला, आणि आम्हा दोघींना वाटलं की त्या बाईने हे दिलं. स्लिमच. ते तुला लिहिलं असतं तर तुझ्या दवाखान्यातून गावात यायला किती वेळ लागला असता? म्हणून मी लिहिलं, कुठेही गेला नाही. मोनिकासाठी लिहिलं. पोरासाठी लिहिलं.

आता एक ऐक. तू त्याला कितीही विचारलंस तरी तो बोलणार नाही. तुला वाटतं तू डॉक्टरसारखा बसला आहेस, पण त्याच्यासाठी तू बायकोचा भाऊ आहेस. सासरच्या माणसासमोर माणूस पोटदुखीसुद्धा कबूल करत नाही, बाई काय करेल? मीही सासरचीच. माझी तर त्याला जास्तच भीती.

त्याच्या बहिणीची लेक बिबियाना, सुकी मासळी विकते ती, तिला पाठवते आहे. मामाच्या घरात भाचीला कसला विटाळ नाही, ती काहीही विचारू शकते, काहीही हाताळू शकते. तोंडाने तिखट आहे. तुला काय काय विचारायचं ते तिला सांगून ठेव आणि तू बाजूला हो. मोनिकालाही बाजूला कर.

देव करो आणि उशीर न होवो.

आत्या

*

मिशन दवाखाना
२१ जुलै १९८७

आत्यास नमस्कार.

हे पत्र बिबियानाबरोबरच परत पाठवतो आहे. तिला थांबवून ठेव, उत्तर तिच्याच हाती हवं.

ती आली आणि सगळ्या वॉर्डाला वास आला. मोनिकाला तिने धुण्याला पिटाळलं. मग माझ्याकडे वळली. "साहेब, तुम्हीही बाहेर. खिडकीखाली उभे राहा हवं तर, पण तो तुमचा खोकला आवरा." मी खिडकीखाली उभा राहिलो.

"मामा, ऊठ. मी आले की तू कोंबडी कापतोस, आज स्वतःच कोंबडीसारखी मान टाकलीस?"

तो हसला. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

"जिंजाला कोण होती?"

त्याने चादर तोंडावर ओढली.

"मामा, मी तुझी भाची. मला सांगितलेलं जमिनीत जातं. बाई होती ना?"

"होती."

"तरुण?"

"म्हातारी."

"अरे देवा, आवड तरी बघ माणसाची!"

तेव्हा तो रडायला लागला. आत्या, ती मोनिकाची आई होती.

तळ्याकाठचा एक मासळीवाला निरोप घेऊन आला होता की पेरेपेत्वा एकटी पडली आहे, दिवसभर झोपते, चूल विझलेली असते. निरोप कासियानोलाच मिळाला. मोनिकाला सांगावं तर ती ओल्या अंगाने निघाली असती. तिचे भाऊ लढाईत गेले. दुसरं कुणी नाही. म्हणून हा गेला. सुरुवातीला तू शिकवलंस तसंच वागला. पेज दारात ठेवायचा आणि केळीत शिरायचा, ती घेऊन आत गेली की बाहेर यायचा. मग तिला दारापर्यंत येववेना. याने झोपडीत मधोमध सालीचं कापड बांधलं आणि त्याच्या खालून वाटी सरकवायला लागला. ती पलीकडून म्हणायची, "जावईबापू, मीठ कमी आहे." हा अलीकडून म्हणायचा, "उद्या घालतो, आई." मग एके दिवशी वाटी तशीच परत आली. दुसऱ्या दिवशीही. तेव्हा याने कापड सोडलं.

भरवलं, धुतलं, नवं पातळ नेसवलं. शेवटी दवाखान्यात न्यायला तिला पाठीवर घेतलं. वाट तिथल्या ओसाड पडलेल्या मळ्यांतून, घाणेरीच्या झुडपांतून जाते. पाठीवरून ती सारखी म्हणत होती, "तोंड तिकडे करा हो, जावईबापू." वाटेतच गेली. गाववाल्यांना घेऊन याने तिला पुरलं, आणि घरी येऊन मोनिकाला एवढंच सांगितलं की तुझी आई वारल्याचं ऐकलं.

बिबियानाने मी दिलेला प्रश्न विचारला, "त्या झुडपांत काही चावलं?"

"माश्या. सदऱ्यातून टोचतात. मानेवर गळू आलं होतं."

बुसोगात झोपेच्या आजाराची साथ आहे हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. तो पसरवणारी माशी चावली की आधी ताप, मग थरथर, मग ही झोप. पण इथे, नाईलच्या या बाजूला, तो रोग कुणी शोधतच नाही. तीच माशी पेरेपेत्वालाही चावली असणार. लगेच त्याचं रक्त घेतलं. मागच्या वेळी मलेरिया सापडला आणि आम्ही पाहणं थांबवलं होतं. या वेळी मी भिंगावरून डोळा काढला नाही. रक्ताच्या कणांना धक्के देत वळवळत जाणारा एक जंतू दिसला. मग दुसरा. पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं, तेही गढूळ. रोग डोक्यात शिरला आहे. या टप्प्यावर एकच औषध आहे, सोमल या विषापासून केलेलं, फार जहाल. ते आणायला आमची गाडी नाईलपलीकडे गेली आहे.

पण तो टोचून घ्यायला तयार नाही. म्हणतो, "हे कापरं आहे. मी तिला पाठीवर घेतलं, मला ते लागलं, ते बरोबरच झालं. सुईने काय होणार?" मी माशी समजावली, तो ऐकून घेतो आणि डोळे मिटतो. बिबियानाही थकली.

आत्या, तो नियम त्याला तू शिकवलास. सोडवायचा असेल तर तूच सोडवू शकतेस. गाडी आठवड्याअखेर येईल.

रेमिजियो

*

कासोझी
२२ जुलै १९८७

चि. कासियानो यास युनिया आत्याचा आशीर्वाद.

हे रेमिजियोने मोठ्याने वाचावं, आणि मोनिकाने शेजारी बसून ऐकावं. लपवाछपवी पुरे झाली.

जावईबापू, कसे आहात असं विचारत नाही, कारण तुम्ही म्हणाल, सगळं ठीक.

तुमच्या लग्नात मी तुम्हाला सासूची शीव शिकवली. आता उरलेलं शिकवते, जे तेव्हा सांगायचं राहिलं, कारण मलाच ते काल बिबियाना चुलीपाशी बसून बोलली तेव्हा कळलं. शीव का घातली? म्हातारीला लाज वाटू नये म्हणून. लेकीच्या नवऱ्याने तिला उघडंवाघडं, थकलेलं, वाकलेलं पाहू नये म्हणून. म्हणजे शीव तिच्या मानासाठी आहे. आता सांगा, तिला आपल्याच घाणीत, विझलेल्या चुलीपाशी मरू दिलं असतं तर कुठला मान राहिला असता? तुम्ही कापड बांधलंत तेव्हा शीव पाळलीत. कापड सोडलंत तेव्हाही पाळलीत.

आणि ऐका. ज्याच्या पाठीवर बाई बसते तो तिचा जावई नसतो. आपल्याकडे पाठीवर आई लेकराला घेते, आणि आई थकली की लेक आईला घेतो. पेरेपेत्वाचे लेक लढाईत गेले. ती तुमच्या पाठीवर बसली त्या दिवशी तुम्ही तिचे लेक झालात. लेकाला आईचं कापरं लागत नाही. हे मी सांगते, आणि या गावात हे सांगायचा हक्क माझा आहे. कुणाला वाद घालायचा असेल तर माझ्या अंगणात यावं.

तुम्हाला माशी चावली आहे. माशीला सासू-जावई कळत नाही. मुकाट्याने सुई टोचून घ्या.

मोनिका, पोरी, तू आणि मी जे समजत होतो ते चुलीत घाल. तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्यापाशी कुणी होतं. पेजेत मीठ कमी असल्याची तक्रार करण्याइतकी ती शेवटपर्यंत तीच होती.

बरे व्हा आणि घरी या. पोर रांगायला लागलं आहे.

युनिया

*

मिशन दवाखाना
९ ऑगस्ट १९८७

आत्यास नमस्कार.

मोनिका पोचेल तेव्हा तुला सगळं कळेलच, पण माझ्याकडूनही कळायला हवं. कासियानो परवा सकाळी गेला.

तुझं पत्र मी वाचलं. त्याने विचारलं, "आत्यानेच लिहिलं?" मी अक्षर दाखवलं. म्हणाला, "परत वाच." परत वाचलं. मग दंड पुढे केला. मोनिका म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी भांडले नसते." तो म्हणाला, "भांडली असतीस. आणि निघाली असतीस." त्या दिवशी दोघं बराच वेळ बोलत होती. तिने आईबद्दल एकेक गोष्ट खोदून खोदून विचारली, आणि तो झोपेतून वर येऊन येऊन सांगत होता. मी तिथे थांबलो नाही.

पहिल्या सुया त्याने सोसल्या. एका सकाळी त्याने स्वतःच्या हाताने कप धरला. मग झटके आले. हे औषध कधी कधी रोगाआधी माणसालाच धरतं. मोनिकाच्या मांडीवर डोकं होतं.

एक गोष्ट तू विचारणार नाहीस, म्हणून मीच लिहितो. जूनमध्ये तो आला तेव्हा पाठीतलं पाणी कदाचित स्वच्छ असतं. तेव्हा सौम्य औषधाने भागलं असतं. कदाचित. मी मलेरिया सापडला म्हणून थांबलो, बायकोसमोर विचारलं, सासरचा असून विचारलं. तू खोटं लिहिलंस. त्याने खोटं सांगितलं. प्रत्येक जण कुणाला तरी जपत होता.

आम्ही ठीक आहोत.

रेमिजियो

*

कासोझी
१६ ऑगस्ट १९८७

चि. रेमिजियो यास युनिया आत्याचे आशीर्वाद.

कासियानोला त्याच्याच केळीत पुरलं. पेरेपेत्वाच्या थडग्यासाठी जे सालीचं कापड मी काढून ठेवलं होतं, त्यात त्याला गुंडाळलं. लोक कुजबुजले, सासूचं कापड जावयाला? मी म्हटलं, तिच्याकडूनच आलंय असं समजा. मग सगळ्यांसमोर उभी राहून तो कुठे गेला होता आणि का गेला होता, ते मी सांगितलं. स्लिमचं नाव घेणाऱ्या बायका सगळ्यांत मोठ्याने रडल्या. आता मोनिकाच्या दारी मीठ मागायला येतात. मोनिका देते. मी दिलं नसतं.

जूनमध्ये पाणी कदाचित स्वच्छ असतं, ही तुझी ओळ मी इतक्यांदा वाचली की कागद घडीवर फाटला. मी शाळा पाहिली नाही, प्रार्थनेच्या पुस्तकावरून अक्षरं जुळवायला शिकले, आणि मला त्याचा फार गर्व होता. त्याच अक्षरांनी मी लिहिलं, बाहेर तो कुठेही गेलेला नाही. यावर आणखी काही लिहीत नाही. लिहून ते हलकं होईल, आणि ते हलकं व्हायला नको.

दिवस झाले की मोनिका आईच्या थडग्यावर जाणार आहे, बिबियाना बरोबर असेल. निरोप आणणारा तो मासळीवाला सांगतो, तळ्याकाठी आणखी काही घरांत माणसं दिवसा झोपतात. तिथल्या दवाखान्याला तू लिही, मोनिका घरं दाखवेल.

आता तुझ्या घरचं विचारते. तेओपिस्ताची कंबर दुखते तेव्हा सकाळी जास्त की रात्री? तुझ्या वडिलांचा कोणता गुडघा सुजतो? वास्वा जेवतो असं लिहिलंस, किती जेवतो?

आणि तू. पहिल्या पत्रापासून खोकला आहे, आणि प्रत्येक पत्रात तू लिहितोस त्याचं काही नाही. बिबियाना म्हणाली, तुझा सदरा खांद्यावरून लोंबतो. तो खोकला कधी सुरू झाला? थुंकीत तांबडं दिसतं का? संध्याकाळी अंग कढत होतं का, रात्री घामाने चादर भिजते का? त्याआधी कोणत्या खोकणाऱ्या रोग्यापाशी बसला होतास? तुझी थुंकी भिंगाखाली कुणी पाहिली आहे का? मी जवळची आहे म्हणून मला सांगवत नसेल, तर जो तुझा कुणी नाही त्याला सांग, पण आजच सांग.

कॉफीचा ट्रक शुक्रवारी परत येतो. ड्रायव्हरला मी थांबायला सांगितलं आहे. चार ओळी लिही, पण सगळं ठीक असं लिहू नकोस. लवकर लिही, बाळा.

तुझी आत्या
युनिया